भंवरडोंगरीवर दोर कोणी धरला होता?

ही घटना खरी आहे. माझ्या नवऱ्यासोबत, माझ्या भावासोबत आणि माझ्यासोबत घडलेली.

पुरावा मागू नका. असता तरी तो आणायला मी तिथं परत गेले नसते.

साल २००२. शिवरात्रीच्या आधीचा शनिवार. जागा बालाघाट जिल्ह्यातली, बैहरच्या पुढे. जंगलात एक उभा कडा आहे. त्याच्यावर आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी लटकलेली असतात, म्हणून तिकडचे लोक त्याला भंवरडोंगरी म्हणतात. नेमका रस्ता मी सांगणार नाही. उगाच कोणी हौसेनं जायला नको.

मी वैदेही. माहेर बालाघाटचं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझे हे, अपूर्व, नागपूरला कड्यावर चढायचं शिकून आले होते आणि शिकून आलेल्या माणसाचं जे होतं तेच यांचं झालं होतं. घरात जिना दिसला तरी डोळे चमकायचे. त्यातून डोक्यात एक धंदा शिरला. कान्हाला मुक्की गेटवर जिप्सींच्या रांगा लागतात, वाघापेक्षा माणसंच जास्त दिसतात. त्यापेक्षा शांत जंगलात तंबू ठोकायचे, आत पलंग, गादी, दुलई, गालिचा, आणि दिवसा कड्यावर चढाई.

आता याला ग्लॅम्पिंग म्हणतात. तेव्हा माझा धाकटा भाऊ संकेत त्याला 'गादीवाला कॅम्प' म्हणायचा.

पाहुणे आणण्याआधी आपण एकदा राहून बघू, असं ठरलं. मंडपवाल्याकडून दोन तंबू आणि पलंग घेतले, जीप भरली आणि आम्ही तिघं निघालो. जवळच्या पाड्यातला महागू नावाचा म्हातारा तंबू ठोकायला मदतीला आला. त्याच्या घरात पूर्वी मध काढायचं काम होतं.

चहा पिताना त्यानं यांच्या दोराकडे बघितलं.

"साहब, डोर कौन धरेगा?"

"हा काय, साला आहे ना माझा," हे संकेतच्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

गंमत म्हणून बोलले होते. पण महागूनं अगदी समाधानानं मान हलवली.

"साला ही धरता है," तो म्हणाला. त्याच्या घरची रीत त्यानं सांगितली. मध काढायला माणूस कड्यावरून खाली उतरतो, तेव्हा वर दोर धरायला त्याच्या बायकोचा भाऊ असतो. दुसरं कोणी नाही.

"सख्खा भाऊ का नाही?" मी विचारलं.

"भाई का मन फिर सकता है. जमीन का हिस्सा है ना. साला अपनी बहन को राँड कैसे करेगा?"

आणि खाली पायथ्याशी बायको उभी असते. नवरा जमिनीला टेकला की ती वर ओरडून भावाला सांगते, 'छोड'. तिनं सांगितल्याशिवाय भाऊ दोर सोडत नाही. दिवस मावळला तरी नाही.

"आता का नाही काढत मध?"

महागूनं कप खाली ठेवला. बैहरचा बाजार आहे म्हणाला आणि निघून गेला. चहा अर्धाच प्यायला होता.

दुपारी दोघांनी खालच्या दगडांवर दोराचा सराव केला. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर हे म्हणाले, आता एकदा वरून खाली उतरून बघतो. कड्याच्या मागून वर जायला पायवाट होती. दोघं वर गेले. संकेतनं वर साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडापाशी बसून दोर धरला आणि हे कमरेला पट्टा बांधून खाली उतरू लागले. मी पायथ्याशी कॅमेरा घेऊन उभी.

खालून संकेत दिसत नव्हता. फक्त कड्याच्या काठावरून येणारा दोर दिसायचा, आणि दोराला माझा नवरा.

अर्ध्यावर एक कपार होती. हे त्यात जाऊन बसले आणि ऐटीत पाय खाली सोडले.

"काढ फोटो!"

नेमका तेव्हाच रोल संपला. मला रोल बदलता येत नाही. मी खालून ओरडले. वरून संकेतचा आवाज आला, "जीजाजी, बसून राहा! दोर झाडाले बांधला. खाली जाऊन रोल टाकून देतो, आलोच."

"हौ, जा!"

थोड्या वेळानं तो मागच्या वाटेनं खाली आला. मला चिडवतच.

"ताई, एमए झाली तू. एक रोल नाही बदलता येत तुले?"

तो तंबूत नवा रोल शोधायला गेला. मी पाठोपाठ गेले. पिशवी उपसली, दुलईखाली बघितलं.

आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

आवाज नव्हता.

दिवसभर कड्यावरच्या माश्यांची गुणगुण कानात भरलेली होती. ती थांबली होती. पाखरू बोलत नव्हतं. पान हलत नव्हतं.

मग एक आवाज आला...

सर्र...

दगडावरून दोर घासल्याचा.

सर्र... सर्र...

"आला का वर? हळू सोड बे, संकेत!" बाहेरून ह्यांचा आवाज. हसत होते.

संकेत माझ्यासमोर उभा होता. हातात रोल.

आम्ही बाहेर आलो. हे कपारीतून निघाले होते. दोरावर रेलून, पाय कड्याला टेकवत, आरामात खाली येत होते. आणि वरून दोर थोडा थोडा सुटत होता. कोणीतरी नीट हात बदलत सोडावा तसा.

"ताई..." संकेत कुजबुजला. "मी तं गाठ मारून आलो. दोर असा सुटूच नाही शकत. वर कोन हाये?"

मी ओरडायला तोंड उघडलं तर त्यानं माझा दंड घट्ट धरला.

"बोलू नको. घाबरले तं हात सुटन त्याइचा. मी वर जातो."

तो पायवाटेकडे वळला.

दोर थांबला.

हे हवेत गर्रकन फिरले, खांदा दगडावर आदळला. "अबे! काहून थांबला?"

संकेत जागच्या जागी उभा राहिला. आमची नजर वर.

दोर पुन्हा सुटू लागला... हळूहळू.

संकेतनं पुन्हा एक पाऊल टाकलं.

दोर पुन्हा थांबला.

त्याला कळलं. मलाही कळलं. संकेतनं वर जायचं नव्हतं. वर जो होता, त्याला ते नको होतं.

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. त्या वेळी मला जे वाटलं ते सांगते. मला भूत, पिशाच्च काही सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की माझा नवरा एका दोरावर लटकलाय, आणि तो दोर कोणाच्या तरी हातात आहे, आणि ते हात आमचे नाहीत. मी देवाचं नाव घ्यायलाही घाबरत होते. वरच्याला आवडलं नाही तर?

हे मात्र मजेत बडबडत होते. "आज मस्त धरतोय रे तू! दुपारी कसा झटके देत होता. आणि हे भाटो-भाटो काय लावलंय मघापासून? तुझा जीजाजी आहे मी."

भाटो म्हणजे बहिणीचा नवरा. तिकडच्या गावांत म्हणतात. आमच्या घरात कोणी म्हणत नाही.

हे आता तीन-चार पुरुष उंचीवर आले होते. खाली बघितलं. मी दिसले.

माझ्या शेजारी संकेत दिसला.

त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. संकेतकडे बघितलं. मग हळूहळू मान वर केली, कड्याच्या काठाकडे...

काय दिसलं ते त्यांनी आजवर मला सांगितलेलं नाही.

दोर थांबला.

आणि वरून आवाज आला. ओरडून नाही. अगदी साधा, घरात कोणी विचारावं तसा. इतक्या उंचावरून इतका स्पष्ट कसा आला, माहीत नाही.

"बाई... छोडू का?"

संकेतनं डोळे मिटले.

खाली सगळे अणकुचीदार दगड होते. हे वर, दोरावर, थंडीनं कुडकुडावं तसे थरथरत. माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत फक्त एवढंच होतं की काहीतरी बोल.

"बाई... छोडू का?"

दोर एक वीतभर सैल झाला. हे किंचाळले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको! धरून ठेव, दादा! नीट खाली सोड त्यांना!"

दादा.

का म्हणाले मी तसं? संकेत माझ्याहून लहान आहे, दादा म्हणायला मला कोणी नाही. पण त्या क्षणी वर जो कोणी होता त्याला माझा भाऊ करण्यावाचून मला काही सुचलं नाही. बहिणीचा नवरा कोणी पाडत नाही ना...

काही क्षण काहीच झालं नाही.

मग दोर सुटू लागला. इतका अलगद, की ह्यांचे पाय जमिनीला कधी टेकले ते कळलंही नाही. मी त्यांना धरलं. अंगाला दरदरून घाम. कमरेची गाठ सुटेना, कारण दोर अजून ताणलेला होता. संकेतनं चाकूनं दोर कापला.

कापलेलं टोक खाली पडायला हवं होतं.

पडलं नाही. तसंच ताठ, सरळ, हवेत राहिलं. वाट बघत असल्यासारखं.

मी 'छोड' म्हटलं नाही. तंबू, पलंग, कॅमेरा, सगळं तिथंच टाकून आम्ही जीपमध्ये बसलो. बैहर येईपर्यंत मी ह्यांचा हात घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी संकेत चार माणसं घेऊन सामान आणायला गेला. माश्या परत गुणगुणत होत्या. तंबूंना कोणी हात लावला नव्हता. तो वर गेला. साजाच्या झाडाला त्यानं मारलेली गाठ सुटलेली होती. दोर कशालाच बांधलेला नव्हता, नुसता काठावरून खाली गेला होता. तरी खालून दोन माणसांनी लोंबकळून ओढला, तो हलला नाही. दोर तिथंच सोडून ते परतले.

वाटेत पाड्यापाशी महागू त्याच्या दारात भेटला. त्यानं फक्त एकच विचारलं, "बाई ने छोड बोला?"

"नाही," संकेत म्हणाला.

महागू मागे वळला. घरात गेला आणि दार लावून घेतलं.

धंद्याचा विषय तिथंच संपला. आम्ही नागपूरला आलो. हे बँकेत लागले. जिना दिसला की आता कठडा धरतात.

पण त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी संकेतचा पाट मांडला, रांगोळी काढली, आणि मला काय झालं कोणास ठाऊक... शेजारी दुसरा पाट मांडला. दोघांना ओवाळलं. संकेत जरा सरकून बसला.

तेव्हापासून दरवर्षी मी दोन पाट मांडते. रिकाम्या पाटापुढेही दिवा फिरवते.

एका वर्षी सासूबाई भाऊबीजेला आल्या होत्या. त्यांना रिकामा पाट कसा समजावणार? म्हटलं, एक वर्ष नाही मांडला तर काय होतंय. संकेतला एकट्याला ओवाळलं. जेवणं झाली. सगळे गप्पा मारत बसले होते.

हे सोफ्यावर टीव्ही बघत होते. एकदम सरळ होऊन बसले. हात कमरेवर गेला, चाचपडल्यासारखा.

"वैदेही," ते म्हणाले, "कंबरेला एकदम ढिलं वाटतंय गं... कोणी धरलेलं सोडून द्यावं तसं."

इतकी वर्षं आपल्याला कोणी धरलंय, असं ते कधी एका शब्दानं बोलले नव्हते.

सासूबाई बघतच राहिल्या. मी धावत आत गेले, पाट आणला, निरांजन पेटवायला घेतलं. काडीच पेटत नव्हती. बाहेर हे सोफ्याचा हात घट्ट धरून बसले होते, आणि मी रिकाम्या पाटापुढे बसून म्हणत होते, "दादा, धरून ठेव... दादा, धरून ठेव..."