पेटीमागचा आवाज

वाजवणाऱ्या प्रत्येक यंत्रात आता पूरक बसवलेला असे, त्यामुळे अडकणं म्हणून काही उरलंच नव्हतं. जुन्या डीव्हीडीवर चरा पडला, की तेवढ्या जागेवरच्या खुणा यंत्रातल्या लेझर किरणाला वाचता येत नाहीत. पूरक मागचेपुढचे सूर अभ्यासून मधलं आपणच रचून घाली. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे.

सायलीआजींना तो लागला. म्हणून त्या मिरजेच्या ध्वनिशाळेत इरा टिपणीस या तरुण संशोधिकेसमोर पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं, खांबेटेबुवांचं कीर्तन पडद्यावर स्वच्छ चाललं होतं. नको इतकं स्वच्छ.

"इथं बाबा अडले होते," आजी म्हणाल्या. "मी समोरच बसले होते. आख्यान ऐन भरात, आणि पद आठवेना. पेटीवरून आईनं ओळ दिली. पुढच्याच वर्षी ती गेली. तिचा आवाज जगात तेवढाच आहे, बाळ. तुझ्या यंत्रानं बाबांना अडूच दिलं नाही. ते असे न अडता बोलते, तर आईला पेटीवर बसवलं असतं कशाला?"

इरानं पूरक बंद केला. चित्र थिजलं, खरखर सुरू झाली. तिनं तबकडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, दुसऱ्या वाचकयंत्रात घातली, वेग उतरवून पाहिला. खरखरच. आई नेमकी चऱ्याखाली गेली होती.

आजी उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. काहीच का करता यायचं नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी इरानं चाचरत सुचवलं, की मुलीचा गळा पुष्कळदा आईवर जातो. आजींनी ती ओळ म्हणावी. वय, ढब, पेटीपासूनचं अंतर पूरक जुळवून घेईल.

"पण ते मूळ नसेल, आजी."

"देवाची मूर्ती तरी कुठं मूळ असते? आपण प्राणप्रतिष्ठा करतोच ना."

त्यांनी ओळ म्हटली. यंत्र सुरू झालं. बुवा अडखळले, आणि पेटीमागून एक बाईमाणूस मायेनं, जरा वैतागून ओळ देऊन गेलं. आजींनी हात जोडले. पुन्हा लाव म्हणाल्या, पुन्हा लाव म्हणाल्या. मग एकाएकी जोडलेले हात खाली आले.

"बंद कर."

"बंदच आहे, आजी."

"सकाळपर्यंत आईची हाक आठवायची मला. अंधूक, पण आठवायची. आता ती ह्याच आवाजात येतेय." त्यांनी डोळे मिटून पाहिलं, उघडले. "हा काढता येईल का गं?"

इरानं तबकडीकडे हात नेला.

"तिथला नव्हे," सायलीआजी म्हणाल्या.