मोरपंखी ठिपके

लेकीने स्वतः पसंत करून आणलेल्या जुन्या गाडीत खोट काढायची नाही, असं मिस्त्रींनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. बायकोने तशी तंबीच दिली होती. पण दुपारी पोरगी ती गाडी घेऊन एकटी परगावी नोकरीला निघणार म्हटल्यावर सकाळीच त्यांनी ती गॅरेजात घेतली आणि बॉनेट उघडलं. न उघडतील तर ते मिस्त्री कसले!

मिस्त्रींची एक खोड होती. घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर ते बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवत. बोल्ट सैल झाला की ठिपका दुभंगतो आणि लगेच कळतं. बायको म्हणायची, "माझ्या नखांपेक्षा लोकांच्या गाड्याच जास्त नटतात."

पट्टे, वायरी, पाणी, तेल सगळं ठीक निघालं. मग बॅटरीमागे हात घातला, तर बोटांना एक डबी लागली. तळहाताएवढी, चपटी, करडी. ना नाव, ना नंबर. तिच्यातून एक बारीक नळी निघून सरळ इंजिनाच्या लोखंडात गेली होती, आणि जोड कुठे दिसत नव्हता. अख्खा जन्म बॉनेटखाली वाकून गेला, पण असली वस्तू त्यांनी पाहिली नव्हती.

डबीच्या दोन्ही बोल्टांवर ठिपके होते. मोरपंखी रंगाचे, डावीकडे जरासे ओढलेले. मिस्त्री डावखुरे. असा ठिपका ओढायची सवय फक्त त्यांची. पण ही गाडी त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती, आणि मोरपंखी रंग घरात कधी आलाच नव्हता.

"बाबा, गाडी चालतेय ना? मग असू दे ना ती," लेक म्हणाली.

"ज्याचं काम माहीत नाही, ते मी गाडीत ठेवत नाही."

डबी काढली. नळी हात लावताच सुटून आली. इंजिन पहिल्यासारखंच चालत होतं. दुपारी लेक निघाली. गाडी वळणाआड गेली तरी मिस्त्री हात हलवतच होते.

डबी कामाच्या टेबलावर ठेवून ते येरझारा घालू लागले. जिवाला चैन पडेना. तेवढ्यात बायको आतून आली आणि त्यांच्या हातात एक बाटली ठेवली.

"लाल संपवलीत तुम्ही. काल दुकानात हाच रंग होता. आता निम्मी तरी माझ्यासाठी ठेवा."

मोरपंखी.

मिस्त्रींनी वळून पाहिलं. टेबलावर तेलाचा चौकोनी डाग होता. डबी नव्हती.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"गाडी बाजूला घे. बॉनेट उघड. बॅटरीमागे बघ."

दार उघडल्याचा आवाज आला. मग नुसता वारा.

"डबी आहे की जागेवर. तुम्ही काढली होतीत ना?"

"आणि ठिपके?"

"आहेत. बाबा, ओले आहेत."

"गाडीला हात लावू नकोस. मी निघालोच."

बाटली टेबलावर ठेवून ते किल्लीकडे धावले. बायकोने त्यांचा डावा हात धरला.

"अहो, झाकणावरचं प्लास्टिक अजून तसंच आहे," ती म्हणाली. "मग हा अंगठा कुठे रंगवलात?"