व्हिएन्नाचा चौथा मजला

यातलं एकही वाक्य मी वाढवून लिहिलेलं नाही. वाढवायला तेवढा जोरच उरलेला नाही अंगात.

मी निनाद. अबू धाबीत, खलिफा सिटीत राहतो. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर आहे. बायको वैभवी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघांच्या ड्यूट्या अशा की आमची भेट व्हायची ती किचनमध्ये, येता-जाता.

म्हणून वर्षातून एकदा, चार दिवसांची सुट्टी मिळाली की आम्ही व्हिएन्नाला जायचो. दरवेळी तिथंच. लोक विचारायचे, तेच तेच काय बघता?

खरं सांगू? बघायला जायचोच नाही. झोपायला जायचो. सहा तासांची फ्लाइट, बरी हवा, आणि साइटवरून फोन नाही.

ही गोष्ट २०२५ च्या बकरी ईदच्या सुट्टीतली. शुक्रवार, ६ जून.

त्या वर्षी खरं तर पुण्याला जायला हवं होतं. फेब्रुवारीत बाबा बाथरूममध्ये घसरून पडले होते. वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हापासून पलंगावरच. माझी मोठी बहीण मंजुताई त्यांचं सगळं करत होती.

"ईदला ये ना," ती म्हणाली होती.

"ताई, व्हिसा झालाय, बुकिंग झालंय. जुलैमध्ये येतो, नक्की."

"बरं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

व्हिएन्नात आमचा फ्लॅट जुन्या इमारतीत होता. चौथा मजला, लिफ्ट नाही. दगडी जिना. शुक्रवारी थोडं फिरून दुपारी परत आलो आणि दोघंही आडवे झालो.

साडेतीनला मला जाग आली.

जिन्यात कुणीतरी चढत होतं...

टक. मग एक पाऊल. मग दुसरं, घासत.

टक.

काठी होती. प्रत्येक वळणावर ती थांबायची. धापा ऐकू यायच्या. मग पुन्हा टक...

वैभवीही जागी होती. ती छताकडे बघत होती.

"बाबांसारखं चालतंय कुणीतरी," ती हळूच म्हणाली.

मला तेच वाटलं होतं. पडायच्या आधी बाबा पुण्याच्या घराचा जिना असाच चढायचे.

आवाज आमच्या दाराशी येऊन थांबला.

बेल नाही. टकटक नाही.

मी उठून दार उघडलं.

कुणी नव्हतं. कठड्यावरून खाली वाकून बघितलं. खालपर्यंत स्वच्छ ऊन पडलेलं. उतरल्याचा आवाजही नाही.

संध्याकाळी मंजुताईला फोन लावला.

"बाबा कसे आहेत?"

"आहेत तसेच. पण आज भर तिन्हीसांजेला झोपले रे. सातला. उठवलं तरी उठेनात. पाय हलवत होते झोपेत, चढ चढल्यासारखे. जाग आल्यावर विचारतात, निनाद चौथ्या मजल्यावर कधीपासून राहायला लागला?"

पुण्यात सात म्हणजे व्हिएन्नात साडेतीन.

चौथ्या मजल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

रात्रभर मनात एकच होतं. आपण गेलो नाही, म्हणून ते आले. त्या तसल्या पायांनी.

शनिवारी आम्ही कुठंच गेलो नाही. तीन वाजल्यापासून वैभवीनं दार सताड उघडून ठेवलं.

साडेतीनला...

टक.

आवाज वर आला. उंबऱ्यातून आत आला. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. खिडकीजवळची वेताची खुर्ची दबल्यासारखी करकरली.

खुर्ची रिकामी होती.

मी जागचा हललो नाही. वैभवी आत गेली, पाण्याचा ग्लास आणून खुर्चीसमोर ठेवला. सासरे दमून आले की ती नेहमी ठेवायची, तसा.

"बसा बाबा," ती म्हणाली. "घाई नाही कसली."

मला रडू आलं. मी म्हणालो, "बाबा, चुकलंच माझं. इथं नका येऊ, जिने फार आहेत. आमच्या घरी चला. खलिफा सिटीला. तिथं लिफ्ट आहे."

खुर्ची एकदाच करकरली.

मग शांत.

रविवारी आम्ही परत आलो. सोमवारी ऑफिसला गेलो ते थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. फहदनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हबीबी, फादर इज फादर. यल्ला, आजच निघ."

मंगळवारी मी पुण्यात होतो.

बाबा उशीला टेकून बसले होते. सुकले होते, पण शुद्धीत. त्यांनी माझा हात धरून ठेवला. ताई चहा करायला आत गेली, तेव्हा मी विचारलं.

"बाबा, तुम्ही आला होता ना तिकडं?"

"आलो होतो की. दोनदा." ते ओशाळून हसले. "पण जमलं नाही रे. दोन्ही वेळा दुसऱ्या मजल्यावरच दम लागला. पायरीवर बसून राहिलो."

"म्हणजे? वर नाही आलात?"

"कुठलं वर... वर तो गेला."

"कोण?"

"माझ्या पुढं होता एक जण. काठी घेऊन. मी हाक मारली, म्हटलं, अहो, वर माझा मुलगा आहे, त्याला सांगा मी खाली बसलोय. त्यानं वळूनही बघितलं नाही."

"कसा होता दिसायला?"



"पाठच दिसली. चालायचा मात्र अगदी माझ्यासारखा." मग म्हणाले, "नवीनच शिकल्यासारखा."

ताई चहा घेऊन आली. मी तो कसा प्यायलो, आठवत नाही.

आठ दिवसांनी खलिफा सिटीला परतलो. वैभवीनं दार उघडलं. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा इतका टवटवीत दिसत होता.

"बाबा आलेत आपल्याकडे," ती म्हणाली. "तू गेलास त्याच दिवसापासून. रोज साडेपाचला येतात, हॉलमध्ये बसतात. मी ड्यूटी बदलून घेतली. इतकं बरं वाटतं रे, घरात कुणीतरी मोठं माणूस असलं की."

व्हिएन्नात साडेतीन वाजतात तेव्हा इथं साडेपाच.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती इतकी आनंदात होती, आणि मी इतका दमलो होतो... उद्या सांगू म्हटलं.

अजून सांगितलेलं नाही.

आता बाबा वॉकर घेऊन चालतात. संध्याकाळी झोपत नाहीत, बाल्कनीत बसतात. ताईनं फोनवर सांगितलं. हेही मी वैभवीला सांगितलेलं नाही.

काल जेवताना ती म्हणाली, "आज बाबा पहिल्यांदा बोलले माझ्याशी."

"काय म्हणाले?"

"तुझीच चौकशी. निनाद उशिरा का येतो... कुठल्या बाजूला झोपतो..."

हे मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितोय. साडेसहा वाजलेत. वैभवीचे दोन मिस्ड कॉल आहेत.

वर जायला हवं. पण फार दमलोय.