वरच्याचं गरम पाणी

लागोपाठ तिसऱ्या दिवशी शॉवरमधून कोमट पाणी आलं आणि तिचं टाळकंच सटकलं. पहाटेपासून तलावात उभं राहून पोरांना पोहायला शिकवायचं, गारठून घरी यायचं, आणि गच्चीवर एवढा मोठा सोलर असताना हे पाणी? बाहेर ऊन तर रणरणतंय! ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती तरातरा गच्चीवर गेली.

तिथे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सोलरच्या काचा पुसत होता. नकाशे काढायचं काम करायचा. घरात सगळे त्याला नुसतं ‘वरचा’ म्हणत. दोन्ही मजल्यांना मिळून सोलर एकच, त्यामुळे गरम पाणी कोण पळवतं हे बाबांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिनेही त्याला फडाफडा सुनावलं. तो निमूट ऐकत राहिला, आणि शेवटी किंचित हसला. हसायला काय झालं याला, म्हणून ती दिवसभर धुमसत राहिली.

मग ते रोजचंच झालं. ती भांडायला वर जायची आणि हा फडकं घेऊन उभाच असायचा. एकदा तर जाण्यापूर्वी तिने आरशात पाहून केस नीट केले... आणि स्वतःवरच चिडली.

शेवटी बाबांनी त्याला खोली सोडायला सांगितलं. ब्याद टळली म्हणायची, तर हिच्या घशाखाली घास उतरेना. हा खरंच चोर आहे का, हे तरी कळायला हवं होतं. तो निघायच्या आदल्या दिवशी तिने त्यालाच सोबत घेतलं आणि टाकीतून खाली येणाऱ्या गरम पाण्याचा कॉक बंद केला. आता खालच्या गरम नळाला पाणी यायलाच नको होतं. पण आलं, धो धो, आणि तेही गार!

गार पाणी गरम पाइपात शिरत होतं ते बाबांनी स्वतः हौसेने बसवलेल्या हँड शॉवरमधून. अंघोळ झाली की बाबा त्याचं नुसतं बटण बंद करायचे. मागचे गरम आणि गार दोन्ही नळ तसेच उघडे. तिने ते दोन्ही आवळले आणि गरम नळ कोरडा पडला. म्हणजे पाणी कोणी पळवत नव्हतंच; गार मिसळून ते कोमट होत होतं.

ती बाबांवर अशी कडाडली की ते मुकाट्याने माफी मागायला वर गेले, आणि तसेच परत आले. वरच्याने दुसरी खोली बघून ठेवली होती.

मग ती गेली. तो गादी गुंडाळत होता.

“आळ आला त्या दिवसापासून मी गार पाण्यानेच अंघोळ करतोय,” तो म्हणाला.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. “मग तेव्हाच सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर... तुम्ही रोज भांडायला आला असता?”

तिने पुढे होऊन त्याच्या हातातली गादी ओढली आणि पुन्हा पलंगावर पसरली.

“उद्या गरम पाण्याने अंघोळ करून गच्चीवर या,” ती म्हणाली. “मला अजून खूप भांडायचंय तुमच्याशी — जन्मभर पुरेल एवढं.”