दोन उजवे पंख

हसायचं तर हसा, पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. घडलं ते रविवारी, भर दुपारी, ताईच्या मागच्या खोलीत.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिचे वडील वारले तेव्हा त्यांचं हलक्या बाल्सा लाकडाचं, संच आणून जुळवायचं छोटं विमान अर्धवट राहिलं होतं. उजवा पंख तयार, डावा बाकी. संचात लाकूडही त्या एका पंखापुरतंच उरलेलं. वडिलांची तेवढीच आठवण तिच्याकडे होती.

"मी करतो पुरं," दाजी म्हणाले. जगात दाजींना येत नाही असं काही नाही. "पोरखेळ नुसता! म्हाताऱ्याने सहा महिने घालवले."

पंख नकाशावर ठेवूनच जुळवायचा, आणि नकाशा फक्त उजव्या पंखाचा होता. डाव्यासाठी कागदाला तेल लावून तो उलटा टाचायचा, म्हणजे रेषा मागून दिसतात. सासऱ्यांनी तसं पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं.

दाजींनी ते वाचलं.

"उंटावरचा शहाणा!" म्हणाले, आणि कागद सुलटाच टाचला.

पंखाच्या सांगाड्याची पहिली फासळी रेषेवर उभी केली, गोंद लावला. आणि...

"च्... च्..."

कोणीतरी चुकचुकलं. अगदी कानाशी.

"काय गं?" दाजी ओरडले.

ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

दुसरी फासळी...

"च्... च्..."

जावयाने कशालाही हात लावला की सासरे असेच चुकचुकायचे. दाजींना दरदरून घाम फुटला. पण ऐकतील ते दाजी कसले!

"जिवंतपणी मला किंमत दिली नाही, आता काय देणार!" असं बडबडत त्यांनी पंख पुरा केला.

संध्याकाळी ताईने दोन्ही पंख शेजारी धरले.

दोन्ही उजवे.

"बाबांचं शेवटचं लाकूड होतं ते," एवढंच ती म्हणाली. खोलीला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपली.

सकाळी दार उघडलं...

दाजींचा पंख नव्हता.

फासळ्या डब्यात, नंबरवार रचलेल्या. एकीलाही चीर नाही. गोंदाचा डाग नाही.

नकाशा उलटा टाचलेला.

दाजी आता त्या खोलीकडे फिरकत नाहीत. पंख ताईच करते. परवा मी गेलो, तर दारातूनच दिसली. तिने फासळी रेषेवर ठेवली आणि थांबली...

"इथे ना, बाबा?"

जरा वेळाने मान हलवून तिने ती केसभर मागे सरकवली.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी हाक न मारताच घरी आलो.