दोन वाटाडे

वाटाड्याला दाराशी यायचं होतं, आणि तो खाली चालला होता.

शाल्मलीने जाड काचेला नाक लावून पुन्हा पाहिलं. समुद्राखालच्या एका डोंगराच्या माथ्यावर, तीस मीटर पाण्यात, तिच्या वैजयंतीआत्याचं संशोधन केंद्र होतं. प्रवाहाने तळाचा गाळ उसळला होता आणि भर दुपारी बाहेर हिरवट काळोख पसरला होता. त्या गाळात आत्याची छोटी पाणबुडी वाट चुकली होती. तिला घरी आणायला शाल्मलीने आत्ताच एक वाटाड्या घडवून सोडला होता. वाटाड्या म्हणजे हातभर लांबीचा, कपाळावर दिवा असलेला यंत्रमासा. त्याने आत्याला शोधलंही. पण आता त्याचा दिवा आणि त्यामागे पाणबुडीचा दिवा, दोन्ही केंद्राच्या दारावरून सरकत खालच्या दरीकडे उतरत होते.

वळताना वाटाड्याचं तोंड काचेसमोर आलं. त्याला डोळे नव्हते.

"नाखवा!" शाल्मली ओरडली. नाखवा हा केंद्राचा संगणक. "कुठे नेतोय तो आत्याला?"

"वाटाड्या सांगितल्याप्रमाणे चालला आहे. चूक आढळली नाही," नाखवा शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात आत्याचा आवाज आला. "शालू, खोलीचा काटा पन्नास मीटर दाखवतोय गं. बिघडला वाटतं. मला काही दिसत नाहीये, पण वाटाड्या आहे पुढे. येतेच."

"आत्या, थांब!"

उपयोग नव्हता. पाणबुडीतलं ऐकायचं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं. आत्याचं बोलणं इकडे येत होतं, इकडचं तिकडे जात नव्हतं. आणि ती पाणबुडी ऐंशी मीटरच्या खाली टिकणारी नव्हती.

"नाखवा, मी काय लिहिलं होतं ते दाखव. लवकर!"

पडद्यावर तीन ओळी उमटल्या.

उघड उथळपाणी
उघड खोलपाणी
वाटाड्या (३०)

मधली ओळ तिनेच काल घातली होती, चमकणारा जेलीफिश घडवून बघायला. नंतर ती पुसायची राहून गेली.

"उथळपाणी हा एक नामकक्ष आहे (एका प्रकारच्या कामाची नावं जिथे एकत्र राहतात ती खोली)," नाखवा म्हणाला. "खोलपाणी हा दुसरा. कक्ष उघडला की त्यातल्या कुणालाही नुसत्या नावाने हाक मारता येते."

"मग वाटाड्या कुठल्या कक्षातला?"

"दोन्ही कक्षांत वाटाड्या आहे."

"तू कुणाला बोलावलंस?"

"जो कक्ष शेवटी उघडला, त्यातल्याला. त्याच नावाचा आधीचा त्याच्यामागे झाकला जातो. असा नियमच आहे, म्हणून मी काही बोललो नाही."

"आणि तीस?"

"तो आकडा रचनाकाराला मिळतो (रचनाकार म्हणजे साच्यातून नवी वस्तू घडवून देणारी क्रिया). उथळपाण्यातला रचनाकार तीस मीटर समजतो. खोलपाण्यातला दहा-दहा मीटरचे तीस टप्पे समजतो."

तीनशे मीटर! तिथे उजेडच नसतो, मग डोळे कशाला असतील त्याला?

"त्याला परत फिरव!"

"फिरणार नाही. ही फलनप्रधान भाषा आहे (जिच्यात दिलेल्यापासून नवं घडवतात, घडलेलं बदलत नाहीत). नवा वाटाड्या मात्र घडवता येईल."

"काटा साठ," आत्या म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "शालू, कुठूनतरी करकर वाजतंय गं."

शाल्मलीला शाळा आठवली. शाळेत तिच्या वर्गात दोन मिहीर होते. नुसतं मिहीर म्हटलं की भलताच उठायचा, म्हणून बाई आडनावासकट हाक मारायच्या. तिने लिहिलं: उथळपाणी.वाटाड्या (३०).

आणि ती थबकली. दोन पांढरे दिवे समोर आले, तर आत्या कुणामागे जाईल?

"रचनाकार आणखी काय घेतो?"

"दिव्याचा रंग. नाही दिला तर पांढरा."

उथळपाणी.वाटाड्या (३०, लाल).

घडणयंत्र घरघरलं. झडप उघडली आणि लाल ठिपका गाळात शिरून दिसेनासा झाला.

"सत्तर," आत्याचा आवाज आता बारीक झाला होता. "अगं, हा लाल दिवा कसला? वाटाड्याच आहे. डोळे आहेत याला." बराच वेळ नुसती करकर ऐकू आली. मग ती कुजबुजली, "शालू, मग इतका वेळ माझ्यापुढे कोण होतं?"

शाल्मलीला उत्तर माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. ती काचेला चिकटून उभी राहिली. शेवटी खालून लाल ठिपका वर आला, आणि त्यामागे पाणबुडी.

दारातून आत येताच आत्याने तिला घट्ट धरलं. शाल्मलीने सगळं सांगितलं, कालच्या ओळीसकट. आत्याने तीन ओळी वाचल्या.

"कक्ष उघडायला हरकत नाही," ती म्हणाली. "पण आत कोण कोण आहे ते आधी बघायचं. एकाच नावाचे दोघे असले, तर पूर्ण नावाने हाक मारायची. नाखवा, आणि तूही यापुढे विचारत जा हं."

"यापुढे विचारीन," नाखवा म्हणाला. "खोलपाणी.वाटाड्या तीनशे मीटरवर पोहोचला आहे. तिथला आवाज पाठवतो आहे."

खोलीभर एक आवाज घुमू लागला. टक्. टक् टक्. थोडं थांबून, पुन्हा तसाच.

"हा वाटाड्याचा नाही," आत्या हळूच म्हणाली. "तिथवर आपलं कुणीच गेलेलं नाही आजवर."

"मग कशाचा?"

"त्याला अजून नाव नाही, शालू."

शाल्मलीला भीती वाटत होती, तरी ती खुर्ची ओढून बसली. तिने एक नवा, रिकामा नामकक्ष तयार केला आणि कान देऊन ऐकू लागली.