तिसरा की चौथा

इन्सब्रुकच्या डोंगरावरच्या खानावळीत कुठेच जागा नव्हती, म्हणून कासियान माझ्या टेबलाशी येऊन बसला. तेवढ्या उंचीवर आमच्याकडे कुणी कुणाला ‘तुम्ही’ म्हणत नाही, त्यामुळे स्वारीनं थेट ‘तू’नंच सुरुवात केली — “तू बुर्गी ना? प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या खोलीत असतेस. खाली शहरात कधी बघत नाहीस माझ्याकडे.”

“बघण्यासारखं काही असतं का?” मी सूप ढवळत म्हटलं. तो हसला... आणि मी फसलेच.

मग एकच प्रयोग दोघांच्या वाट्याला आला. प्रकाशकणांची जुळी जोडी. एक कण माझ्याकडे, एक त्याच्याकडे. चार निरोप ठरलेले. हवा तो निरोप मी माझ्या कणावर चढवायचा — काहीच न करणं हाही त्यातलाच एक — आणि कण त्याच्या खोलीत पाठवायचा. दोन्ही कण एकत्र आले की त्याला निरोप कळायचा. एकट्या कणातून कुणालाच काही कळत नसे.

मार्चमध्ये त्याला जपानहून बोलावणं आलं. शिकत होता तेव्हापासून त्याला तिथंच जायचं होतं. उत्तर संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. दुपारी माझ्या दारात उभा राहून, बुटांकडे बघत तो म्हणाला, तोंडानं विचारायला जमत नाही, तू कणानंच सांग. पहिला — विषय नको. दुसरा — वर्षभरानं सांगते. तिसरा — जा. चौथा — जाऊ नकोस.

तो गेल्यावर मी खूप रडले. मला तो हवा होता हो! पण त्याचं स्वप्न मोडून कसा ठेवून घेऊ? डोळे पुसले आणि तिसरा पाठवला.

थोड्या वेळानं दार उघडलं. कासियान पांढराफटक पडला होता.

“बुर्गी... तिसरा की चौथा?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या यंत्राला तिसऱ्यातला आणि चौथ्यातला फरक ओळखताच येत नाही! रोज तेच यंत्र चालवणारे आम्ही दोघं, आणि दोघंही नेमकं तेच विसरलो होतो.

“बोल ना,” तो म्हणाला. “जाऊ का मी?”

‘जा’ हा एवढासा शब्द. हातानं पाठवता आला होता, पण ओठांवर येईना.

“चौथा,” मी म्हणाले.